लाल हेलिकॉप्टरचा आत्मा

टेबलावरचं लाल हेलिकॉप्टर आधी नुसतं थरथरलं. मग त्याची पाती गरगरायला लागली आणि हातभर लांबीचं ते खेळणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अलगद वर उठलं. ना दोरा, ना तार, ना कुणाचा हात! सभागृहातल्या दीडशे माणसांचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"आला! वैमानिक आला!" व्यासपीठावरून वायुगुरू गरजले. "ही गुणगुण ऐकताय ना? हा त्याचा श्वास! पंखे बंदच ठेवा, वाऱ्याने आत्मा बिथरतो. आणि मागे वळून कुणी बघायचं नाही. वळलात की तो गेलाच समजा!"

अठरा वर्षं वादळात हेलिकॉप्टर उडवणारा आपला दादा आता छताच्या पंख्याला घाबरतो, हे ऐकून त्याच्या बहिणीला, धाकटीला, हसावं की रडावं कळेना.

ते हेलिकॉप्टर तिच्याच हातचं होतं. मॉडेल हेलिकॉप्टरच्या बॉडीचे किट जोडून देणं हाच तिचा धंदा. दोन अर्धुकं चिकटवायची, घासायची, रंगवायची आणि इंजेक्शनच्या सुईने डिंकाचे थेंब ठेवून पत्र्यावरच्या खिळ्याच्या डोक्यासारखा एकेक रिव्हेट उठवायचा. आत यंत्र बसवलं तर ते रिमोटवर उडतं, नाहीतर कपाटाची शोभा. दादाच्या खऱ्या हेलिकॉप्टरची ही हुबेहूब नक्कल तिने त्याच्या वाढदिवसाला दिली होती, आतून पोकळ. दोन वर्षांपूर्वी दादा आजारपणात गेला. वायुगुरूंनी "त्याची आवडती वस्तू आणा" म्हटल्यावर वहिनीने तीच उचलून दिली, आणि चार दिवस ती गुरूंकडेच होती.

आता ती उडत होती, म्हणजे आत यंत्र बसलं होतं. धाकटीने ते शेजारी बसलेल्या वहिनीच्या कानात तीनदा सांगून पाहिलं. "तुला तुझ्या डिंकापलीकडे काही दिसतच नाही," असं म्हणून वहिनीने तिचं तोंड बंद केलं.

"विचारा!" वायुगुरू म्हणाले. "हो असेल तर तो वर जाईल, नाही असेल तर खाली बसेल."

वहिनी हात जोडून उभी राहिली. "अहो, आईंच्या हृदयाचं ऑपरेशन परवा ठरलंय. करायचं का?"

हेलिकॉप्टर हळूच टेबलावर टेकलं.

"नाही म्हणाला! कात्री नको, सुरी नको! आईने नव्वद दिवस माझ्यासमोर बसायचं. हृदय आपोआप ताळ्यावर येईल!"

नव्वद दिवस? डॉक्टर तर आठवडाभरही थांबायला तयार नव्हते. वहिनीने पर्समधून फोन काढला होता. तारीख रद्द करायला तिला एक मिनिट पुरलं असतं.

धाकटीने सरळ मागे वळून पाहिलं.

शेवटच्या रांगेत, दम लागतो म्हणून दाराशी बसवलेल्या आईच्या शेजारी, गुरूंचा मौनी शिष्य मांडीवर घोंगडी घेऊन बसला होता. घोंगडीखाली त्याचे दोन्ही अंगठे हलत होते. नजर हेलिकॉप्टरवरून ढळत नव्हती. रिमोट चालवणारे असे अंगठे धाकटीने आपल्या दुकानात रोज पाहिले होते. आणि हेलिकॉप्टरची शेपटी सतत त्याच्याकडेच का असते, तेही तिच्या लक्षात आलं. नवशिके असंच उडवतात. शेपटी आपल्याकडे असली की डावं ते डावं आणि उजवं ते उजवं राहतं. नाक आपल्याकडे वळलं की सगळं उलटं होतं आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते.

व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात पडदा होता आणि आसपास कुणी नव्हतं; हेलिकॉप्टर भरकटलं तरी कुणाला लागलं नसतं. ती उठली.

"गुरुजी, एकच मागणं. आई मागे बसली आहे. दादाला म्हणावं, एकदा वर ये आणि आईकडे तोंड कर. दोन वर्षं झाली तिला बघून."

सभागृह हळहळलं. वायुगुरूंना असा प्रसंग सोडवेना. "का नाही करणार? मुलगा आहे तो! ऊठ बाळा, मातेकडे मुख कर!"

मौनी शिष्याने जोरजोरात मान हलवली. पण वायुगुरू डोळे मिटून हात उंचावून उभे होते, बाकीच्यांनी मागे बघायचं नाही असा नियमच होता, आणि बोलायची तर त्याला बंदी.

हेलिकॉप्टर उठलं आणि बिचकत वळलं. नाक आईकडे झालं. मग ते जरा डावीकडे सरकलं. त्याला उजवीकडे आणायला शिष्याने अंगठा उजवीकडे दाबला. ते आणखी डावीकडे गेलं. त्याने आणखी दाबला. आत्मा सुसाट पडद्यात घुसला, पाती कापडात गुरफटली आणि तो धाडकन खाली आला.

बॉडी उभी फुटली. आतून मोटर, बॅटरी आणि वायरी बाहेर लोंबायला लागल्या.

"आत्मा कोपला!" वायुगुरू ओरडले.

"कोपला नाही, चुकला," धाकटी म्हणाली. "नाक समोर आलं की नवशिका चुकतो. माझा दादा नवशिका नव्हता. आता सगळ्यांनी मागे बघा."

दीडशे माना वळल्या. आईने शेजारची घोंगडी ओढली. शिष्याच्या मांडीवर रिमोट होता.

"आणि घसा बसलाय समजून मी इतका वेळ याला खोकल्याच्या गोळ्या देत होते!" आई म्हणाली.

"अहो, चुकून हात लागला!" मौनी शिष्य बोलला, आणि वायुगुरूंनी डोक्याला हात लावला.

वहिनी मात्र हसली नाही. ती फुटक्या बॉडीपाशी जाऊन खाली बसली. "मला यांच्याशी एकदा बोलायचं होतं गं," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. धाकटीही तिच्याजवळ बसून रडली, कारण तिलाही बोलायचं होतं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आई आता जिना चढते आणि वर पोचून 'चढले बघा!' असं सगळ्यांना ऐकवते. दुकानात वहिनी डोळे बारीक करून पुन्हा जोडलेल्या लाल बॉडीवर सुईने डिंकाचे थेंब ठेवते. "आत काही बसवू नकोस," तिने सांगून ठेवलं आहे.

दुःखी माणसाला चमत्कार हवासा वाटतो, यात त्याचा दोष नाही. त्या दुःखाला रिमोट जोडणारा खरा दोषी. म्हणून एवढंच करा: 'मागे वळून बघू नका' असं कुणी बजावलं, की आधी मागे वळून बघा.