दुसऱ्याच्या नावाचं रडणं

बड्या घरातल्या रणजीतच्या खुनाला आठवडा झाला तरी चऱ्होलीतून टीव्हीवाल्यांच्या गाड्या हलल्या नव्हत्या. कुरुळीच्या भाड्याच्या खोलीत तानुबाई रोज त्याच बातम्या बघायची आणि आतून जळायची. मेलेल्या पोराचा हेवा करू नये, हे तिला कळत होतं. पण चार महिन्यांपूर्वी तिच्या लेकाला, समाधानला, कंपनीतून येताना मोबाईलसाठी भोसकून मारलं, तेव्हा पेपरात चारच ओळी आल्या होत्या. त्यातही नाव चुकलेलं.

शनिवारी रणजीतसाठी मूक मोर्चा निघाला. पदराखाली समाधानचा फोटो घेऊन तीही गेली. पुढे रणजीतची आई कौशल्याबाई चालत होती. मंत्र्यांनी फास्ट ट्रॅक कोर्टाचा शब्द दिला होता म्हणे. 'हिला सावरायला केवढी माणसं!' तानुबाईच्या मनात आलं.

टीव्हीच्या एका पोरीने माईक पुढे केला. "तुम्ही घरच्याच ना?"

तानुबाईला हुंदकाच फुटला. "माझं लेकरू डबा घेऊन गेलं माय, परत आलंच न्हाई..." फोटो बाहेर काढेपर्यंत कॅमेरा पुढे गेला होता.

संध्याकाळी सून दिपाली ओरडली, "आत्या, तुम्ही टीव्हीवर!" खाली पट्टी होती: 'रणजीतच्या मावशीला अश्रू अनावर'.

तानुबाईचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तिने थेट कौशल्याबाईचा बंगला गाठला.

"काल मी रडले ती माझ्या समाधानसाठी," ती दारातूनच म्हणाली. "तुमच्या पोरासाठी न्हाई."

कौशल्याबाईने तिला आत घेतलं, फोटो मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिला. "तुमाला रडाया तरी आलं," ती म्हणाली. "मला समोर कॅमेरं असल्यावर रडूबी येत न्हाई." मग दिराला हाक मारली. "नानासाहेब, सोमवारी यांच्यासंगं पोलीस ठाण्यात जाऊन या."

सोमवारी नानासाहेबांना बघताच साहेब खुर्चीतून उठले. चहा आला. तानुबाईच्या चौदा खेपांत न सापडलेली समाधानची फाईल दहा मिनिटांत टेबलावर आली. एक संशयित रांजणगावला दिसल्याची माहिती त्यात महिनाभर तशीच पडून होती. साहेबांनी लगेच माणसं पाठवली. गुरुवारी तो सापडलाही.

पण त्या सोमवारी तानुबाईला आनंद काही झाला नाही. साहेबांनी नानासाहेबांसाठी पुढे ओढलेल्या खुर्चीकडे ती बघत राहिली. इतक्या खेपांत तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. आजही ती उभीच होती.