सीताराम धुरींची कवळी

सुगंधाने पार्सलची शिवण कापली, आतला डबा उघडून कापूस बाजूला केला आणि एकदम हात मागे घेतला. डब्यातून माणसाचे दात तिच्याकडे बघून हसत होते.

"अंबादास, इकडे ये रे!"

शेजारच्या टेबलावरून अंबादास उठून आला. "च्यायला, कवळी! वरची-खालची, दोन्ही."

घेणारा सापडला नाही आणि पाठवणाऱ्याचाही धड पत्ता नसला, की टपाल शेवटी या कार्यालयात येई. ते उघडायचा अधिकार इथल्या ठरावीक माणसांनाच, आणि तोही फक्त पत्ता शोधण्यापुरता. पूर्वी पत्रांच्या थैल्याच्या थैल्या येत. 'मारुतीच्या देवळामागे, मुंबई' एवढ्यावरून घर हुडकणारे कारकून इथे होऊन गेले, असं जुनी माणसं सांगत. आता येत ती बहुतेक बँकांची पाकिटं. दात पहिल्यांदाच आले होते.

पार्सल सीताराम धुरी यांच्या नावाचं, दिंडोशीच्या एका बिल्डिंगच्या पत्त्यावर. त्यावर पोस्टमनचा शेरा होता : इमारत पाडली. पाठवणार : कमल, सावंतवाडी.

"सावंतवाडीत काय एकच कमल आहे?" अंबादास म्हणाला. "ठेव कपाटात. मुदत संपली की नष्ट करू."

"आणि तोवर तो माणूस जेवणार कसा?"

कापसाखाली सावंतवाडीच्या दातांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. सुगंधाने फोन लावला. डॉक्टरांनी कमलबाईंना विचारून त्यांचा नंबर दिला.

"अगे बाये, ते माज्या भावाचे दात!" कमलबाई फोनवर ओरडल्याच. "शिमग्याक इल्लो, नि दात हयच इसारलो. आता बोरीवलीक झिलाकडे आसा. तेचो नंबर घे."

मुलाच्या घरच्या त्या नंबरवर सीतारामकाकांनीच फोन उचलला. पार्सल सापडलं म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की माझंच?" मग तोंडातल्या तोंडात कसाबसा पत्ता आला.

सुगंधा बोरीवलीचीच. साहेबांना विचारलं तर ते हसत म्हणाले, "तुझ्या वाटेवर आहे ना? देऊन टाक. फक्त सही घेऊन ये."

संध्याकाळी तिने बेल वाजवली. दार उघडलं ते बोळक्या तोंडाच्या, टापटीप सदऱ्यातल्या म्हाताऱ्याने. तिच्या हातातलं पार्सल दिसताच ते बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं.

"हळू बोल गं बाय. सून ऐकेल."

"काका, तुमचे दात आणलेत. आनंद नाही झाला?"

"झाला ना," ते पडेल आवाजात म्हणाले.

"बहिणीने पत्ता जुना घातला, म्हणून फिरत राहिलं बघा."

"तिने नाही. जुना पत्ता मीच सांगितला तिला."

सुगंधा त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी नजर चुकवली आणि दाराच्या फटीकडे मान हलवली. आत जेवणाचं टेबल दिसत होतं. कॉलेजातली एक मुलगी रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटात भात आणि माशाचं सार कुस्करत होती, एकेक काटा निवडून कडेला ठेवत होती. शेजारी सून भाकरी दुधात भिजवत बसली होती. कशावरून तरी दोघी खो-खो हसत होत्या.

"निधी, माझी नात," काका म्हणाले. "पूर्वी ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. मुलगा टीव्हीसमोर. सूनबाई प्रियंका ओट्याशी उभ्या-उभ्या खायची. आणि मी? मी दहा मिनिटांत जेवून मोकळा. आता मला तास लागतो. मग बसतात माझ्यासोबत. बोलतात. काल तर मुलगा पण बसला."

आतून हाक आली, "आजोबा, कोण आहे? या ना, गार होतंय!"

"आलो, आलो! चुकून आलेत कोणीतरी!"

सुगंधाने हसू दाबलं. पार्सल एकदा या हातात घेतलं, एकदा त्या. मग पर्समधून पेन काढलं.

"काका, घेणाऱ्याला नको असेल तर त्याने नकार लिहून सही करायची. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जातं."

"सावंतवाडीला?"

"सावंतवाडीला. पण कमलबाई पुन्हा पाठवतील."

"पाठवू दे की," म्हणत त्यांनी भिंतीला टेकवून झोकात सही केली. पेन परत देताना मात्र थबकले.

"बाय, जाताना ते साध्या टपालाने जाऊ दे हां. स्पीड पोस्ट नको."