भिंतीकडे तोंड केलेली पाटी

मित्रांनो, अंगावर मोजके शब्द लिहिलेली, कडेला गंज चढलेली आणि एका कोपऱ्यात काळी पडलेली ही पत्र्याची पाटी म्हणजे मी. माझ्यावर लिहिलं होतं, ‘घर भाड्याने देणे आहे’. ‘होतं’ असं का म्हणाले, ते पुढे कळेलच.

एका तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट केला, त्यातून माझा जन्म झाला. पेंटर हाताचा चांगला, पण अंदाजाचा कच्चा. ‘घर’ त्याने एवढं ऐसपैस काढलं, की शेवटचा ‘आहे’ कोपऱ्यात अंग चोरून बसवावा लागला. मला न्यायला आलेल्या बाई हसून म्हणाल्या, “अहो, आहे की नाही ते दिसायला नको का?” पेंटर म्हणाला, “घर दिसलं ना? मग झालं तर!”

या बाई शिवणाचा वर्ग चालवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. यजमान गेल्यावर दोन खोल्यांचं घर त्यांना खायला उठायचं. त्यांनी वर्गाशेजारची छोटी खोली घेतली आणि हे घर भाड्याने द्यायचं ठरवलं. पुढे डोळे अधू झाले, वर्ग बंद पडला. तेव्हापासून या घराच्या भाड्यावरच बाईंची चूल पेटायची. दुसरा आधार म्हणाल तर काही नाही.

आम्हा पाट्यांचं नशीब मोठं उफराटं! घर रिकामं असलं, की आम्ही दारावर मिरवायचं. लोक थांबून वाचतात, बोट दाखवतात, फोन नंबर विचारतात. घर भरलं, की आमची रवानगी अडगळीत. एक ड्रायव्हर आणि त्याची बायको भाड्याने राहायला आले, त्या दिवशी बाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि दारामागे उभं केलं. वर माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाल्या, “यांना रोज ही पाटी दिसायला नको. उद्या निघा म्हटल्यासारखं वाटतं.” त्यांचं म्हणणं खरं होतं. पण राग यायचा तो आलाच. मी भिंतीचा चुना बघत वर्षं काढली.

ती दोघं मात्र गुणाची निघाली. ड्रायव्हर रुग्णवाहिका चालवायचा, त्याच्या येण्याजाण्याला ताळतंत्र नव्हतं. बायको घर आरशासारखं ठेवायची. बाई दुपारी आल्या, की त्यांच्या हातात चहाचा कप यायचाच. चुना बघता बघता मी त्यांच्या गप्पा ऐकायची.

एकदा गल्लीच्या टोकाच्या दुकानाला आग लागली. बाई ती बघून तडक इकडे आल्या. “आपल्याही घराचा विमा काढायला हवा,” त्या म्हणाल्या. शेजारणीने त्यांच्या डोक्यात आणखी एक भुंगा सोडला होता, की बंद, रिकाम्या घराला विमेवाले पैसे देत नाहीत. ते काही खोटं नव्हतं. तशी अट असते. पण बाईंनी तेवढंच धरून ठेवलं.

विमावाला आला तो घाईतच. दारातच उभं राहून म्हणाला, “बाई, राहतं घर आहे ना?”

“राहतं तर! बंद कशाला असेल? बघा ना, दोरीवर कपडे वाळतायत.”

“मग हा स्वस्तातला पुरे. राहत्या घराचाच आहे.”

तेवढ्यात ड्रायव्हरची बायको पाणी घेऊन आली. तो म्हणाला, “वा, सूनबाईंनी गारेगार पाणी आणलं!” यावर दोघी खळखळून हसल्या. बाईंना तर ते फारच आवडलं. आणि मित्रांनो, त्या हसण्यात कोणी म्हणालंच नाही, की ही सून नव्हे, भाडेकरू आहे! बाईंच्या लेखी ‘राहतं’ म्हणजे माणसं राहतात ते. त्याच्या लेखी ‘राहतं’ म्हणजे मालक राहतो ते. मी दारामागे तळमळत होते. अरे, मला कोणी सरळ करा रे! माझ्या तोंडावर लिहिलंय! पण पाटीला कुठली वाचा?

मग ती दुपार आली. ड्रायव्हर कामावर होता. बायको पाणी भरत होती. पंख्याच्या बटणातून चरचर आवाज आला, ठिणगी पडली आणि पडद्याने पेट घेतला. “अगं बाई गं!” एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती बाहेर धावली, म्हणून वाचली. लाकडी छप्पर बघता बघता खाली आलं. तिचा संसार जळाला. मी पत्र्याची, म्हणून एका कोपऱ्यावर निभावलं.

बाई आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. “जीव वाचला ना तुझा? मग झालं,” म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं. “घराचं बघू. विमा आहे आपला.”

बाईंच्या पुतण्याने विम्याची कलमं वाचली आणि त्याचा चेहरा पडला. विमा मालक स्वतः राहतो अशा घराचा होता. भाड्याच्या घराचा वेगळा असतो. त्यात घर जळाल्याची भरपाई मिळते, आणि तशी सोय घेतली तर बुडालेलं भाडंही मिळतं. सामानाचा विमा मात्र भाडेकरूने आपला आपण काढायचा. हे सगळं आता कळून काय उपयोग!

पुतण्याने मला काखेत मारलं. म्हणाला, “काकू, पाटी मी घेऊन जातो. तपासायला येणाऱ्याला एवढंच सांगा, की मीच राहत होते. ही दोघं पाहुणे.”

ड्रायव्हरची बायको म्हणाली, “सांगा बाई. आम्ही पाहुणे म्हणू. आमचं काय जातंय?”

पुतण्या मला घेऊन निघणार, तेवढ्यात विम्याचा तपासणारा आला. भल्या माणसासारखा दिसत होता. त्याने विचारलं, “इथे कोण राहत होतं?” बाईंनी ‘मी’ म्हटलं तर छप्पर परत मिळेल, खरं सांगितलं तर उद्याचं जेवण कुठून येणार ते माहीत नाही. त्याने ड्रायव्हरच्या बायकोकडे पाहिलं. “या पाहुण्या का?”

ती मान हलवणार, तोच बाई म्हणाल्या, “पाहुणी कसली! हिने हे घर जिवापाड सांभाळलं. आणि जळाल्यावर मी हिला पाहुणी म्हणू? जमायचं नाही मला.” त्या पुतण्याकडे वळल्या. “दे ती पाटी इकडे.”

कितीतरी वर्षांनी माझं तोंड उजेडाकडे झालं. बाईंनी मला छातीशी धरून त्याच्यासमोर उभं केलं. “हे भाड्याचं घर. राहतं म्हणाले मी, ते माणसं राहतात म्हणून.”

त्याने मला वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. चार शब्दांना एवढा वेळ लागत नाही. मग हळूच म्हणाला, “बाई, कोण राहतं, एवढं विमा विकणाऱ्याने विचारायला हवं होतं हो.”

“आणि मी सांगायला,” बाई म्हणाल्या.

पैसे नामंजूर झाले. ड्रायव्हर आणि त्याची बायको दुसरीकडे गेले. जाताना ती बाईंच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले असते, पण पत्र्याला रडलं की गंजच चढतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी विमा काढायला बसलं, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. घरात कोण राहतं ते स्पष्ट सांगायला लावा. घर रिकामं पडलं तर काय, भाडं थांबलं तर काय, भाडेकरूच्या सामानाचं काय, हेही विचारायला लावा. कोणाला राग आला तर येऊ दे. आणि दारामागे माझ्यासारखी एखादी पाटी असेल, तर तेवढ्यापुरती तिला सरळ करा.

मला काल पेंटरकडे नेलं. तोच पेंटर, आता हात कापतो त्याचा. त्याने ‘भाड्याने देणे’ खरवडून काढलं आणि त्या जागी एकच शब्द लिहिला. आता मी जळक्या दारावर टांगलेली आहे, तोंड रस्त्याकडे करून. ‘घर विकणे आहे’. यावेळी अक्षरं छान मोकळी मावली आहेत. बाई सकाळी आल्या होत्या. माझ्याकडे न बघताच आत गेल्या.