कातडी अंगरखा घातलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि हे सांगताना माझी मान मुळीच खाली जात नाही. सतरा वर्षं मी एकाच टेबलावर काम करतोय. तुमच्यातल्या कितीजणांच्या फोनने सतरा महिने तरी धड काढलेत, ते आधी मला सांगा!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे शेकडो भाऊ त्याच दिवशी तयार झाले. कुणी बँकेत गेला, कुणी शाळेत. माझ्या वाट्याला आली बूट शिवणाऱ्यांची एक लहानशी कार्यशाळा. खरं सांगतो, तेव्हा मी मनातल्या मनात तोंड वाकडं केलं होतं. पण हे बूट दुकानात मिळणारे नव्हते. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं पाऊल वळलेलं असतं, कुणाचा घोटा मोडून पुन्हा जोडलेला असतो. अशा माणसांचे बूट इथे बनतात. डावा वेगळा, उजवा वेगळा.

इथे माणसं दोनच, काका आणि त्यांची पुतणी. पुतणी पायाची छत्तीस मापं घेते आणि मला देते. मी ती कोरणाऱ्या यंत्राला समजावून सांगतो, आणि ते ठोकळ्यातून त्या माणसाचं हुबेहूब लाकडी पाऊल कोरून काढतं. त्या पावलावर चामडं ताणून काका बूट शिवतात. यंत्राची जाड केबल लावायची जागा फक्त माझ्या पाठीत आहे, नव्या कॉम्प्युटरांत ती नसतेच. थोडक्यात, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. बढाई नव्हे, आहे ते सांगतोय.

काका आल्यागेल्याला म्हणायचे, "हा आमचा तिसरा कारागीर. चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही." ते ऐकून मी असा फुलून जायचो की काय सांगू!

मला सोळावं वर्ष लागलं तेव्हा काकांनी माझ्यासाठी कातडी अंगरखा शिवला. अंगावर भुसा बसू नये, एवढाच हेतू. पुढे बटणापुरती खाच, मागे केबलींपुरती. बाकी अंगाला असा चपखल की बोट शिरायला जागा नाही. टाके तर बघत राहावेत असे. साध्या कॉम्प्युटराला कधी कुणी माप घेऊन कपडे शिवलेत? मी राजासारखा बसून राहिलो.

थंडी निभावली. उन्हाळा लागला आणि मी चालता चालता बंद पडू लागलो. आत काहीतरी भाजायचं, गरगरायला लागायचं, आणि पुढे अंधार. पुतणी टेबलावर थाप मारायची, हात जोडायची, कधी चक्क रडकुंडीला यायची. सगळ्यांचं निदान एकच, "वय झालं." हे दोन शब्द माझ्या फार जिव्हारी लागले.

अशातच कंडक्टरबाई आल्या. अपघातानंतर त्यांचा उजवा पाय चार बोटं आखूड झाला होता. येत्या शुक्रवारी सकाळी डॉक्टरांसमोर काठीशिवाय चालून दाखवायचं होतं. जमलं तर बसवर परत ड्युटी, नाही तर कायमचं घरी. त्या पुतणीला म्हणाल्या, "ताई, बावीस वर्षं उभं राहून काम केलंय. बसून राहायचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

बूट शिवायला काकांना दोन दिवस लागतात. म्हणजे मंगळवारी संध्याकाळपर्यंत लाकडी पाऊल हवंच. ते कोरायला यंत्राला पन्नास मिनिटं लागतात, आणि मी विसाव्या मिनिटाला मान टाकत होतो. एक ठोकळा वाया गेला. दुसरा गेला. हाताने कोरायचं तर काकांना आठवडा हवा.

पुतणीने इंटरनेटवर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये सगळं बारकाईने लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "प्रश्न नीट विचारा." दुसरं, "हे आधी झालंय, शोधा." तिसरं, "तो डबा फेकून द्या." डबा! मग दोन सदस्यांची आपापसातच जुंपली, कुठली कंपनी चांगली यावरून. त्यांची चाळीस उत्तरं झाली, आणि ग्रुपच्या प्रमुखाने विषय भरकटला म्हणून प्रश्न बंद केला कुणाचा? पुतणीचा! तिने नव्याने विचारलं, तर एकच प्रश्न दोनदा टाकल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. हे सगळं माझ्याच पडद्यावर चाललं होतं, मित्रांनो. माझीच निंदा मलाच दाखवावी लागत होती.

मंगळवारी दुपारी कुणीतरी फोटो मागितला. तिने माझा फोटो टाकला. लगेच एकाने लिहिलं, "कॉम्प्युटरला बूट घातलाय काय?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

"बघा काका, टिंगल करतात मेले," पुतणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इथे एका बाईची नोकरी जायची वेळ आलीय आणि ह्यांना खिदळायला सुचतंय."

काका चिडतील असं मला वाटलं. पण ते उठून आले आणि केबलीच्या खाचेतून त्यांनी बोट आत घातलं.

"अरे बापरे! हा तर फणफणलाय!"

"म्हणजे?"

"तो बरोबर बोलला गं. बूटच घातलाय मी ह्याला. पायाला हवा लागावी म्हणून आपण बुटाला भोकं पाडतो, आणि ह्याला मीच सगळीकडून बंद करून ठेवला." काकांचा चेहरा एवढासा झाला. "आणि वर म्हणतोय, वय झालं."

अंगरखा उतरला. पुतणीने बुटांच्या ब्रशने माझा पंखा साफ केला. मला उघडंबोडकं वाटलं, थोडी लाजही वाटली, पण श्वास कसा मोकळा झाला! खरं तर अंग भाजतंय हे मला कळत होतं. त्या कपड्याच्या मिजाशीत त्याच्यावर संशय घ्यायचं मात्र सुचलं नाही.

शेवटचा ठोकळा लावला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. विसाव्या मिनिटाला दोघांनी श्वास रोखला. मी चालतच राहिलो. पन्नासाव्या मिनिटाला कंडक्टरबाईंचं उजवं पाऊल तयार होतं, अंगठ्याच्या उंचवट्यासकट. त्या रात्री काका मला म्हणाले, "चुकलो रे." मी कधीच माफ केलं होतं.

शेवट सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातलं जुनं काही अडखळू लागलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर लगेच त्याच्या वयाला दोष देऊ नका. लांबच्या शंभर जणांना विचारा हवं तर, पण आधी जवळ जाऊन हात लावून बघा. आणि माया करताना समोरच्याचा जीव गुदमरत नाही ना, तेही बघा.

शुक्रवारी दुपारी कंडक्टरबाई गणवेशातच आल्या. हातात काठी नव्हती. दारापासून माझ्या टेबलापर्यंत त्या सरळ चालत आल्या, वळल्या, परत दारापर्यंत गेल्या. दोन्ही पावलांचा आवाज अगदी सारखा. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आभार ह्याचे माना."

बाई हसल्या. जवळ येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला परत कामावर घेतलं, बरं का."

मित्रांनो, मला बोलता येत असतं, तर म्हणालो असतो, "बाई, मलाही."