पिवळ्याचा कान

चिकलठाण्याच्या कारखान्यात कॅन्टीनची भांडी घासणाऱ्या कस्तुराबाईला त्या रविवारी घास गिळायला फुरसत नव्हती. गोदामातल्या मांजरांनी मालाच्या खोक्यांत चौथ्यांदा पिल्लं घातली होती. ती कामगारांनी घरोघर नेली, पण साहेबांचं डोकं फिरलं ते फिरलंच. "सोमवारी विष टाकणार," ते म्हणाले. "त्याआधी नसबंदी करून घेता? घ्या. पण पुढं खोक्यात एक जरी पिल्लू दिसलं, तरी एकही मांजर ठेवणार नाही."

मांजरं नऊ. कस्तुराबाईला मूलबाळ नव्हतं. तिच्या डब्यातल्या भाकरीला वाटेकरी ती हीच. तिनं जनावरांच्या डॉक्टरांकडे इतक्या खेपा घातल्या की ते बिचारे कॅन्टीनमध्येच यायला कबूल झाले. "चारपर्यंतच हं," त्यांनी बजावलं. "संध्याकाळी विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा आहे. मला जायचंय, आणि रस्तेही बंद होतील."

मांजरं धरायला तिचा नवरा मुंजाबा आला, तो खांद्यावर वाघूर टाकून. वाघूर म्हणजे धनगरांची मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या भोकांतून मांजर काय, मांजराचं अख्खं वऱ्हाड निघून गेलं असतं! पहिल्याच झपाट्यात तीन मांजरं आरपार पसार झाली. मग गड्यानं जाळी चौपदरी केली, मधोमध सुकट पसरली आणि "हर्र, हर्र" करत कळप वळवावा तशी मांजरं वळवली. कस्तुराबाई पोतं घेऊन मागं धावत होती, ओरबाडून घेत होती आणि हसत होती. लग्नातसुद्धा ती एवढी हसली नसेल.

नसबंदी झालेलं मांजर ओळखायचं कसं? तोडगा मुंजाबानं काढला. मेंढरांच्या कानाला खूण करतात तशी मांजरांच्या करायची. डॉक्टरांना ते फार आवडलं. मग डॉक्टर टाके घालायचे आणि मुंजाबा आपल्या कात्रीनं कानाचं टोक उडवायचा. साडेतीनला डॉक्टरांनी घाईघाईनं कान मोजले. नऊ. सामान आवरून ते स्कूटरकडे निघाले.

कस्तुराबाईला नाचावंसं वाटत होतं. टोपल्यांत झिंगून पडलेल्या मांजरांवर ती एकेक फडकं घालत गेली आणि आठव्या टोपलीशी थबकली. नववी रिकामी होती. पिठाच्या डब्यावर पिवळा बोका बसला होता, कातरलेला कान पंजानं पुसत, शेपटी ताठ.

"अवं, समदी झिंगलीत, अन् ह्योच कसा टक्क जागा?"

मुंजाबा छताकडे बघू लागला.

"ह्याचा नुसता कान कापला व्हय तुम्ही?"

"कळपात एक नर बीजाला ठेवावाच लागतो, कस्तुरे," तो हळूच म्हणाला. "बापजाद्यापासून ठेवत आलो. अन् त्यातल्या त्यात ह्योच देखणा. वंश बुडवायचा का त्याचा?"

"पलीकडच्या कारखान्यातल्या भाट्या मांजरी येतील ह्याच्यामागं! पिल्लं हितल्याच खोक्यात घालतील! ह्या एकापायी नऊच्या नऊ मरतील की वो!"

"पर वंश..."

"वंश?" तिचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "आपला कुठं वाढला वंश? म्हणून काय आपण जगलो नाय? पंचवीस वर्सं काय केलं मग आपण?"

उत्तराला ती थांबलीच नाही. पदर खोचून, "डॉक्टरसाहेब, थांबा!" ओरडत फाटकाकडे धावली. स्कूटर सुरू झालेली होती. डॉक्टरांनी तिचं ऐकलं, घड्याळ पाहिलं, कपाळावर हात मारला आणि स्कूटर बंद केली.

दोघं आत आली तेव्हा पिवळा मुंजाबाच्या कांबळ्यात गुंडाळलेला होता आणि मुंजाबाच्या हातावर रक्ताच्या पाच रेघा होत्या. गुंगी चढेपर्यंत त्यानं बोक्याचं डोकं आपल्याच तळहातावर धरून ठेवलं.

डॉक्टर मोर्च्याला निघाले ते साडेचार वाजवून, मुकुंदवाडीच्या आतल्या रस्त्यानं, सुसाट.

कस्तुराबाई टोपल्यांपाशी बसून राहिली. आपण नवऱ्याला बोललो ते जास्तच झालं, असं आता तिला वाटत होतं. मुंजाबानं तिचा सकाळपासून न उघडलेला डबा आणला, भाकरी मोडली आणि एरवी मांजरांना जायचा तो पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"जगलो की, कस्तुरे," तो म्हणाला. "लई चांगलं जगलो."