बोगद्याच्या डोक्यावरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. माणूस नव्हे, यंत्र. मोटरसायकलच्या हँडलवर बसायचं, आभाळातल्या उपग्रहांना विचारायचं आणि चालवणाऱ्याला वाट सांगायची, हे माझं काम. सध्या मी परक्या शहरातल्या एका कपाटात, जाड हातमोज्यांच्या जोडीशेजारी पडून आहे. इथून आभाळ दिसत नाही. आणि आभाळ दिसलं नाही, की मी कुठे आहे हे मलाच कळत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, तो मला फारसा आठवत नाही. आठवतं ते योआनिना शहरातल्या फ्रोसो नावाच्या तरुणीचं, मोटरसायकलच्या सामानाचं दुकान. तिथे हेल्मेट आणि साखळीच्या तेलाच्या डब्यांमध्ये मी कितीतरी दिवस फळीवर बसून होतो. माझ्या शेजारी माझ्याहून मोठी, चकचकीत यंत्रं आली आणि विकली गेली. लोक मला उचलायचे, किंमत बघायचे आणि म्हणायचे, "फोन आहे की!" मग मला परत ठेवायचे.

एका सकाळी स्तेर्गिओस आला. साठी उलटलेला, मिशाळ आणि हट्टी. त्यानं हिवाळी हातमोजे घातले होते, ते दुकानातही काढले नाहीत. तसल्या जाड बोटांनी तो एकेका यंत्राचा पडदा दाबून पाहू लागला. बाकीच्यांना त्याचा स्पर्शच कळेना. मग तो आम्हाला दारात उन्हात घेऊन गेला, कारण उन्हात पडदा पांढरा पडला तर त्याचा उपयोग काय? शेवटी त्यानं प्यायला पाणी मागितलं, घोटभर प्यायला आणि उरलेलं माझ्या अंगावर ओतलं. फ्रोसोनं डोळे मिटून घेतले. मी चालूच राहिलो.

"हा पाहिजे," तो म्हणाला. आयुष्यात मला कुणीतरी प्रथमच निवडलं होतं.

फ्रोसोनं त्याला माझी सगळी बटणं दाखवली. एक बटण फक्त मोटरसायकलवाल्यांसाठी होतं. ते दाबलं, की मी जलद रस्ता सोडून वळणावळणाचा जुना रस्ता शोधायचो.

"पोरी, वळणं मला शिकवू नकोस," स्तेर्गिओस गुरगुरला. "तू घरात रांगत होतीस तेव्हापासून मी घाट चढतोय."

"मग काका, यंत्र कशाला घेताय?"

खरी गोष्ट अशी होती, की चाळीस वर्षं मोटरसायकल त्यानं चालवली, पण वाटा ठाऊक होत्या त्या त्याच्या बायकोला, आंथुलाला. ती मागे बसायची. डावीकडे वळायचं असलं की त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारायची, उजवीकडे वळायचं असलं की उजव्या. याचं लक्ष फक्त पुढच्या चाकाकडे. कॉफीच्या दुकानात मित्र त्याला म्हणायचे, "लेका, तू तर नुसता घोडा, लगाम वहिनीच्या हातात." तो हसायचा. आंथुला गेली आणि या घोड्याला घराबाहेरची एकही वाट सापडेना.

त्याला जायचं होतं एकाच ठिकाणी. आमच्या डोंगरात जिथे अपघात होतो, तिथे माणसं रस्त्याकडेला खांबावर पत्र्याचं छोटंसं देऊळ बसवतात. आत संताचं चित्र आणि तेलाचा दिवा. कुणी गेलं तर त्याच्या आठवणीचं आणि कुणी वाचलं तर नवसाचं. जुन्या घाटाच्या माथ्यावरचं एक देऊळ आंथुलाच्या नवसाचं होतं. दर वर्षी संत दिमित्रिओसच्या सणाला दोघं तिथे तेल घालायला जायची. मधल्या काळात डोंगराच्या पोटातून नवा महामार्ग झाला. घाटरस्त्याच्या पाट्या पडल्या, तो रानवाटांत हरवला. आंथुलाला मात्र एकेक झरा नि एकेक झाड पाठ होतं. ती गेल्यावर पहिल्या सणाला स्तेर्गिओस एकटाच निघाला, रानात भरकटला आणि तेलाची बाटली तशीच घेऊन परतला. वर्षभर दिवा विझलेला राहिला. हे त्याला आतून खात होतं.

त्यानं नकाशात डोंगरमाथ्यावर बोट ठेवलं. फ्रोसोनं तिथे खूण केली. नाव काय देऊ, असं विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "आंथुला."

मित्रांनो, सणाच्या दिवशी मी किती उत्साहात होतो म्हणून सांगू! माझं नाव वाटाड्या, पण आवाज बाईचा. त्याच्या हेल्मेटमध्ये मी न चुकता सूचना देत होतो. मला कुणी वळणाचं बटण दाबून सांगितलं नव्हतं, म्हणून मी त्याला जलद रस्त्यानं महामार्गावर नेलं आणि बोगद्यात घातलं. तिथे आभाळ गेलं. मी अंदाजानं हिशेब करत राहिलो आणि बोगद्याच्या ऐन मध्यावर मोठ्या डौलात सांगितलं, "तुम्ही पोहोचलात."

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. देऊळ आमच्या डोक्यावर होतं आणि मधे सगळा डोंगर.

बाहेर पडल्यावर त्यानं गाडी कडेला लावली. मला वाटलं, आता हा मला दरीत भिरकावणार. पण तो हेल्मेटसकट खाली बसला आणि माझ्याशी बोलला. "आंथुला कधी बोलायची नाही गं. नुसती थाप मारायची. तू फार बोलतेस."

त्यानं पहिल्यांदाच हातमोजा काढला आणि माझा आवाज बंद केला, कायमचा. मला फार लागलं ते. बोलण्यासाठीच तर मला घडवलं होतं. मग चाचपडत चाचपडत त्यानं फ्रोसोचं ते बटण शोधलं. आम्ही मागे फिरलो आणि जुन्या घाटाला लागलो. एका दुफाट्यावर मी मुकाट्यानं डावीकडचा बाण दाखवला. त्यानं बाणाकडे पाहिलं आणि स्वतःच्याच हातानं स्वतःच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. मग तो वळला.

देवळाची काच काजळलेली होती, आत कोळ्याचं जाळं होतं. त्यानं सगळं पुसलं, तेल घातलं आणि दिवा लावला. तिथे बसून त्यानं मला सांगितलं, की याच वळणावर धुक्यात त्यांची गाडी घसरली होती. आंथुला तेव्हा पोटुशी होती. तिघंही वाचली. पोटातल्या त्या लेकीला, लांब्रिनीला, हे कधी सांगितलं नाही. "कळलं असतं तर तिनं मला गाडीला हात लावू दिला असता का?" तो म्हणाला आणि हसताहसता रडला.

त्यानंतर दर सणाला आम्ही गेलो. तो बोलायचा, मी ऐकायचो. पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गाडी विकली गेली. संध्याकाळी तो मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालू करायचा. मी घरापासून आंथुलापर्यंतची निळी रेघ दाखवायचो. तो तिच्यावरून बोट फिरवायचा आणि मला बंद करायचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं मला चालू केलं नाही.

घर आवरायला लांब्रिनी जर्मनीहून आली. तिनं मला वीज जोडली. माझ्यात एकच जागा साठवलेली होती आणि तिला आईचं नाव होतं. तिनं नकाशा मोठा करून पाहिला. खूण पडली होती बोगद्याच्या मधोमध.

"बाबांना शेवटी काही समजतच नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं पुसण्याचं बटण दाबलं. मी नियमाप्रमाणे विचारलं, 'आंथुला' ही जागा कायमची पुसायची? हो की नाही? तिचं बोट बराच वेळ हवेत होतं. मग तिनं 'नाही' दाबलं, बाबांचे हातमोजे हुंगून पाहिले आणि आम्हाला पिशवीत घालून जर्मनीला आणलं.

मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र भंगारात देण्याआधी ते एकदा चालू करून बघा. कुणीतरी त्यात आपली वाट ठेवून गेलेलं असतं. आणि लांब्रिनी, तुला हे ऐकू जात नाही, कारण माझा आवाज तुझ्या बाबांनी बंद केलाय. तरी सांगतो. मला एकदा खिडकीत ठेव, सणाला घरी ने आणि ते वळणाचं बटण दाब. जलद रस्त्यानं गेलीस तर दिव्याच्या खालून निघून जाशील, आणि तो तर तुझ्यासाठीच लावलेला आहे.