विचारायला आलेली बाई

धाकटीनं कवळ्या आणि प्लास्टरचे शेवटचे साचे चादरीखाली ढकलले आणि बेल वाजली. दवाखान्यांना कवळ्या करून देण्याचं तिचं काम घरातल्याच टेबलावर चालायचं. पण दत्तक संस्थेची बाई घर बघायला येणार त्या दिवशी तरी कुणी दात विचकायला नको, असं तिनं ठरवलं होतं. या भेटीत बाईचं मत वाईट झालं तर अर्ज तिथंच बारगळणार होता. हात पुसत ती दाराशी पोचली, तर दार आधीच उघडलेलं. खालच्या मजल्यावरची थोरली जाऊ, कुणी न बोलावता, शेंडेफळाला कडेवर घेऊन हजर.

"या ना, तुमचीच वाट बघत होतो," थोरली दारातल्या बाईंना म्हणाली.

बाईंनी पोराचा गाल ओढला. "याला आता भाऊ हवा की बहीण?"

"अहो, अर्ज हिचा आहे," थोरली हसली. "माझी तीन आहेत. हिलाच नाही ना."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरलीला मुलं कशी, तर शिंक यावी तशी झाली होती. दोरीवर वाळणारे तिच्या पोरांचे मोजे बघूनही धाकटी जळायची. आणि आज, निदान आजच्या दिवशी तरी, थोरलीनं खालीच बसायला काय हरकत होती!

पण घर थोरलीनंच दाखवलं. खिडकीची जाळी, खाट, औषधांचं उंचावरचं कपाट. धाकटीचा नवरा मागून नुसता मान डोलवत होता. पोरानं चादर ओढली तेव्हा सगळ्या कवळ्या एकदम हसल्या. बाईही हसल्या, तेसुद्धा थोरलीकडे बघून.

मग बाई खुर्चीवर बसल्या आणि धाकटीकडे वळल्या.

"मूल का हवंय तुम्हाला? सावकाश सांगा."

धाकटीनं पाठ केलेलं उत्तर आठवून बघितलं. आठवेना.

"काम संपलं की हात रिकामे होतात," ती म्हणाली. "ते सहन होत नाही. आणि खरं सांगू? वहिनींना आहेत, म्हणूनही हवंय. जळते मी त्यांच्यावर."

नवरा खोकला. झालं, आपल्याच हातानं सगळ्यावर पाणी ओतलं, असं धाकटीला वाटलं. बाई मात्र शांतच होत्या. त्यांनी थोरलीकडे बघितलं.

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटतं?"

थोरलीनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मला हो कशाला विचारता," ती म्हणाली. "मला कधी कुणी विचारलंच नाही, का हवंय म्हणून. हवंय का, हेसुद्धा नाही. पहिलं झालं, दुसरं झालं, मग हा. जीव आहे माझा यांच्यात, तसं नाही." तिनं धाकटीकडे बोट दाखवलं. "पण हिला विचारायला तुम्ही चक्क घरी आलात."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मग उठून कामाच्या टेबलाजवळचं स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं. थोरली टेकली. पोरगं मांडीवर चुळबुळ करायला लागलं, तशी तिनं त्याला थोपटलं.

"विचारा ना पुढचं," ती बाईंना म्हणाली. "मी मध्ये बोलत नाही. नुसती ऐकते."